वाचनालयात ‘खरं-खोटं कसं तपासायचं’ शिकवायचंय, सुरुवात कुठून करू?

पारावरचा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,
तालुक्याच्या गावातल्या एका ‘ब’ वर्ग वाचनालयाच्या कार्यकारिणीत मी आहे. देवघेव विभागात आता फारशी गर्दी नसते, पण सकाळी पेपर वाचायला येणारे ज्येष्ठ आणि दिवसभर अभ्यासिकेत बसलेली स्पर्धा परीक्षेची मुलं यांनी इमारत भरलेली असते. ज्येष्ठ मंडळी आमच्या ग्रंथपालबाईंसमोर फोन धरतात, “सरकारची नवी योजना आलीय म्हणे, बघा जरा खरी आहे का?” मुलांचं दुसरंच. टेलिग्रामवर आलेली पीडीएफ म्हणजे ब्रह्मवाक्य.

१२ ऑगस्टला ग्रंथपाल दिन असतो. त्या दिवशी कुणा प्राध्यापकांचं ‘माहिती साक्षरता’ या विषयावर व्याख्यान ठेवू, असं कार्यकारिणीत चाललंय. शाल, श्रीफळ, ग्रुप फोटो. यातून काही निघेल असं मला वाटत नाही.

हाताशी दोन संगणक, एक प्रिंटर, ग्रंथपालबाई आणि एक मदतनीस. पैसे जवळपास नाहीतच. काय शिकवावं, कोणत्या क्रमाने, आणि मराठीत काय वापरता येईल?

जुना कॅटलॉग

व्याख्यान ठेवायचं तर ठेवा, कार्यकारिणीचं मन राखलं जाईल. खरं काम काउंटरवर होतं. कॉलेजात ग्रंथपाल होतो, त्या अनुभवावरून सांगतो.

आधी एक वही करा. लोक काय काय विचारतात ते महिनाभर जसंच्या तसं लिहून ठेवायला बाईंना सांगा. अभ्यासक्रम त्या वहीतून निघेल. माझा अंदाज, सरकारी योजना सगळ्यात वर असतील, म्हणून पहिला धडा शासन निर्णयाचा घ्या. खऱ्या जीआरवर विभागाचं नाव, क्रमांक आणि तारीख असते. शेवटी ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’ ही ओळ आणि अधिकाऱ्याची सही असते. त्याच्या आसपासच एक वाक्य सापडेल की हा निर्णय शासनाच्या संकेतस्थळावर ठेवला असून त्याचा सांकेतांक अमुक आहे. तो सांकेतांक अठरा अंकी असतो आणि पहिल्या आठ अंकांत वर्ष, महिना, दिवस असतो. संकेतस्थळावर तो टाकला की मूळ कागद समोर येतो. नाही आला, तर फॉरवर्डची किंमत कळलीच.

एवढ्यावर थांबू नका. जीआर खरा असूनही नंतर शुद्धिपत्रक निघालेलं असतं किंवा दुसऱ्या निर्णयाने तो अधिक्रमित झालेला, म्हणजे त्याची जागा नव्याने घेतलेली असते. चार वर्षांपूर्वीचा खरा कागद आज नवा म्हणून फिरतो, यात लोक सर्वांत जास्त फसतात. त्याच विभागाचे नंतरचे निर्णय चाळायची सवय लावा.

तळटीप

जुन्या कॅटलॉगांशी सहमत. एक भर घालतो.

वेबसाइट तपासायला आपण यादी देतो: शेवटी ‘.ऑर्ग’ आहे का, लोगो आहे का, शुद्धलेखन बरं आहे का. ही यादी आता कामाची राहिलेली नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी २०१७ मध्ये एक अभ्यास मांडला. इतिहासाचे १० पीएचडीधारक, १० व्यावसायिक फॅक्ट-चेकर आणि स्टॅनफर्डचेच २५ विद्यार्थी यांना त्यांनी त्याच वेबसाइट पारखायला दिल्या. त्यात बालरोगतज्ज्ञांच्या दोन संघटना होत्या. एक १९३० पासूनची, मोठी आणि मान्यवर. दुसरी २००२ मध्ये फुटून निघालेली छोटी, पण नाव जवळपास तसंच आणि साइट दिसायला चोख. निम्म्याहून जास्त विद्यार्थ्यांना छोटीच अधिक भरवशाची वाटली, आणि इतिहासवाल्यांपैकीही काहींना ठाम निवाडा करता आला नाही. ते त्याच पानावर वरखाली वाचत बसले होते. फॅक्ट-चेकर मात्र पान नीट वाचायच्या आधीच दुसरी टॅब उघडून ‘ही संघटना कोण?’ ते शोधायला लागले.

एवढंच शिकवा: पान सोडून बाहेर जा. माइक कॉलफील्ड यांनी याच्या चार पायऱ्या केल्यात. थांबा, सांगणारा कोण ते बघा, दुसरीकडे जास्त चांगली माहिती आहे का शोधा, मूळ स्रोत गाठा. फोटो असेल तर गुगल लेन्स, म्हणजे फोटोवरूनच शोध घेणारं साधन. भिंतीवर तक्ता लावण्यापेक्षा लोकांच्या फोनवर आलेला मेसेज घेऊन करून दाखवा.

खडूस_काका

उगाच उत्साह. ग्रंथपालबाईंना मानधन काय मिळतं, ते आधी लिहा की धाग्यात. अनुदान येईतो वर्ष सरतं आणि त्यात ही नवी हमाली. शिवाय आमच्या वयाच्या माणसाला कुणी ‘तुम्हाला खरं-खोटं कळत नाही, या, शिकवतो’ म्हटलं, तर तो उद्यापासून पेपर घरीच मागवेल.

बाकी चालू द्या.

चिंचबन

काकांचा दुसरा मुद्दा शंभर टक्के खरा. आमच्याकडे हेच सुरू केलं तेव्हा ‘साक्षरता’ शब्द फलकावरून काढायला लावला आणि ‘व्हॉट्सअ‍ॅपवर आलंय? चला बघू’ असं लिहिलं. शिकवायला अभ्यासिकेतली मुलं घेतली. त्यांना एकच नियम, फोन आजोबांच्या हातातच राहिला पाहिजे. पोरांना घाई फार. फोन ओढून चार बोटं मारतात, ‘खोटं आहे’ म्हणतात आणि परत देतात. आजोबांच्या पदरात काहीच पडत नाही, वर अपमान.

मुलांसाठी माझ्याकडे एक हमखास धडा आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राचा साक्षरता दर किती, हे त्यांना विचारा. अर्धे ८२.९१ टक्के म्हणतील, अर्धे ८२.३४. दोघांच्या नोट्स छापील, दोघे भांडायला तयार. मग मूळ तक्ते काढायला लावा. पहिला आकडा तात्पुरत्या निष्कर्षांतला, दुसरा अंतिम. देशाचंही तेच, आधी ७४.०४ आणि अंतिम ७३ च्या आसपास. खोटं कुणीच बोललेलं नसतं, तरी परीक्षेत गुण जातो. हा धडा झाला की मुलं आपणहून राज्याची आर्थिक पाहणी मूळ अहवालातून वाचायला मागतात. सगळी नाही, पण चार तरी.

पारावरचा

काका, मानधनाचं मान्य. म्हणूनच बाईंवर फक्त वही ठेवायचं काम टाकतोय, बाकी मुलं आणि मी.

चिंचबन, फलक चोरतोय.

मराठीत संदर्भाला काय ठेवू? विश्वकोश चालेल?

तळटीप

जरूर. वीसही खंड ऑनलाइन मोफत आहेत, आणि भाषा व्हॉट्सअ‍ॅपपेक्षा बरी. फक्त नोंदीचा काळ बघायला शिकवा. पहिला खंड १९७६ चा आहे. भूगोल, इतिहास ठीक, पण लोकसंख्या किंवा औषधोपचारासाठी तो शेवटचा शब्द मानू नका.

खारवी

चॅटजीपीटीचं काय? आमच्याकडची मुलं आता गुगलही करत नाहीत.

जुना कॅटलॉग

त्याला तुमच्या तालुक्याच्या इतिहासावरची पाच पुस्तकं लेखक आणि प्रकाशकासकट विचारा. उत्तर छापून काढा आणि मुलांना कपाटात, दाखल नोंदवहीत आणि इतर ग्रंथालयांच्या ऑनलाइन सूचीत ती शोधायला लावा. बहुधा एखाद-दुसरं पुस्तक कधी लिहिलंच गेलेलं नसतं. लेखक खरा, नाव शोभेल असं, पुस्तक मात्र नाही. खडूस काकांनाही मजा येईल, त्यांना बोलवाच.

खडूस_काका

येतो. चहा आहे ना?

चिंचबन

एक राहिलं. हे सुरू झालं की लोक त्या दोन संगणकांवर आपले अर्ज भरायलाही येतील. आधार, बँक, सगळं तिथेच उघडं ठेवून उठून जातात. ब्राउझर गेस्ट मोडमध्येच (बंद केला की लॉगिन, इतिहास पुसला जातो) उघडेल असं करून घ्या, डाउनलोड फोल्डर रोज संध्याकाळी रिकामं करायचं काम मदतनीसाला द्या, आणि प्रिंटरजवळ राहिलेल्या प्रती फाडून टाकायला सांगा. आमच्याकडे उलट्या बाजूने कच्च्या कामाला वापरायचे. एकाचं सातबारा आणि पॅन कार्ड पेपरच्या टेबलावर आठवडाभर फिरत होतं.