जुन्या एस्टीमला रीमॅन्युफॅक्चर्ड हेड घ्यावे की आपलेच दुरुस्त करून घ्यावे?

कोथरूडकर
माझी मारुती एस्टीम गाडी २००३ची आहे. १२९८ सीसी, सोळा व्हॉल्व्हचे पेट्रोल इंजिन. गेल्या महिन्यात साताऱ्याला जाताना खंबाटकी चढत असताना तापमानाचा काटा लाल रेषेला भिडला, आणि पुढच्या वळणावर जागा मिळेल या आशेवर मी गाडी आणखी किलोमीटरभर तशीच रेटली. हेड (सिलिंडरांवरचे झाकण) उतरवल्यावर दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मधले गॅस्केट (हेडखालचा गळती रोखणारा थर) जळालेले निघाले, आणि ऑइलच्या झाकणाखाली कॉफीच्या फेसासारखा थर साचलेला होता, म्हणजे ऑइलमध्ये पाणी मिसळले होते. मेकॅनिकने सरळ पट्टी आडवी धरून फीलर गेज (ठरावीक जाडीच्या पात्यांचे माप) लावला, तेव्हा मध्यभागी ०.१५ मिलिमीटरची पाती सहज आत गेली. अशा हेडला साधारणपणे ०.०५ मिलिमीटरपर्यंतच वाक चालतो, असे त्याचे म्हणणे.

फेसिंग (तळ घासून सपाट करणे), गाइड (व्हॉल्व्ह सरकतो ती नळी) आणि सील यांचा मिळून जो खर्च सांगितला आहे, त्याच्या जवळपास दुपटीत नाना पेठेतील एक दुकानदार जुने हेड घेऊन बदली रीमॅन्युफॅक्चर्ड (जुनेच, पण नव्याने तयार केलेले) हेड देण्यास तयार आहे. माझा कल बदलीकडे आहे. तपासून, सगळे नवे बसवून आलेली वस्तू लावली, की पुन्हा हेड उतरवण्याची वेळ येणार नाही, असे मला वाटते.

भोसरीचा लेथवाला
माझा स्पष्ट विरोध आहे. रीमॅन्युफॅक्चर्ड हे लेबल आपल्याकडे कोणीही चिकटवतो. कोणी प्रत्येक गाइड आणि सीट (व्हॉल्व्ह टेकतो ते कडे) बदलतो, तर कोणी रॉकेलने धुऊन, व्हॉल्व्ह लॅप करून (सीटवर घासून बसवून), वर चंदेरी रंग मारून देतो, आणि बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. ते हेड कोणत्या गाडीतून निघाले आणि याआधी किती वेळा घासले गेले, हे तुम्हाला कोण सांगणार? प्रत्येक फेसिंगला जाडी कमी होते, ज्वलनकक्ष लहान होतो, कॉम्प्रेशन वाढते आणि चढावर इंजिन ठोका देऊ लागते. तुमच्या हेडचा इतिहास मात्र तुम्हाला ठाऊक आहे. ०.१५चा वाक एका फेसिंगमध्ये निघतो. आधी पाण्याच्या वाटा बंद करून, आत हवा भरून, गरम पाण्यात प्रेशर टेस्ट करून घ्या; सीटांच्या मध्ये चीर असेल तर बुडबुडे येतील. आले नाहीत, तर तुमचेच हेड सोन्यासारखे आहे.

सिंहगड रस्ता
लेथवाल्यांनी खालच्या पृष्ठभागाचा विचार केला, वरचा सोडून दिला. हेड तापते तेव्हा मधला भाग प्रसरण पावू पाहतो, पण बोल्टांनी जखडलेला असल्यामुळे त्याला पसरायला जागा मिळत नाही आणि संपूर्ण हेड धनुष्यासारखे वर वाकते. त्याबरोबर कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, म्हणजेच कॅम) ज्या भोकांत फिरतो, त्यांची रेषाही वाकते. फेसिंगने तळ सपाट होतो, पण कॅमची रेषा होती तशीच वाकडी राहते. मग सरळ कॅम वाकड्या घरात फिरत राहतो, मधले जर्नल (घरात टेकून फिरणारा कॅमचा गोल भाग) घासते आणि काही महिन्यांनी तुम्ही पुन्हा हेड उतरवता. माझ्या स्वतःच्या झेनला मी हा भुर्दंड भरला आहे. शिवाय फार तापलेल्या अॅल्युमिनियमची कठीणता कमी होते. बोल्ट कितीही नीट आवळले तरी असे हेड गॅस्केट धरून ठेवत नाही. ज्याने खरोखर मोजमाप करून तयार केले आहे, अशा माणसाकडून बदली घेणेच शहाणपणाचे आहे.

तळेगावकर
तेवीस वर्षांच्या गाडीवर इतका खर्च करण्यापेक्षा ती स्क्रॅपला द्या. (मला ठाऊक आहे, हे कोणाला ऐकायचे नाही.)

भोसरीचा लेथवाला
कॅमच्या रेषेचा मुद्दा मान्य आहे, पण त्यासाठी दुकानात धावण्याची गरज नाही. रॉकर (कॅमच्या फिरण्याने व्हॉल्व्ह दाबणारे छोटे दांडे) काढून टाका, कॅम घरात बसवा, तेल लावा आणि हाताने फिरवा. सहज फिरला तर रेषा ठीक आहे. मध्येच अडला तर मी माझे शब्द मागे घेतो. वाकलेले हेड जाड पोलादी पाटावर आवळून, भट्टीत तापवून सरळही करता येते, पण ते काम नीट करणारे फार थोडे आहेत, हे मीच सांगतो.

आणि हेड कोणतेही बसवा, ते तापले कशामुळे हे आधी शोधा. रेडिएटर गाळाने भरलेला असेल किंवा थर्मोस्टॅट (इंजिन तापले की पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप) अडकत असेल, तर नवे हेडही पुढच्या घाटात जाईल.

सिंहगड रस्ता
ब्लॉकचा (हेडखालच्या, सिलिंडर असलेल्या मुख्य भागाचा) वरचा पृष्ठभागही त्याच पट्टीने तपासा. आर.टी.ओ.ची काळजी नको. इंजिन क्रमांक ब्लॉकवर असतो, हेड बदलल्याने नोंदणीत काही फरक पडत नाही. हमी मात्र लेखी घ्या. बहुतेक वेळा ती फक्त सुट्या भागाची असते. हेड पुन्हा उतरवण्याची मजुरी तुमच्याच खिशातून जाते.

कोथरूडकर
दोघांचेही आभार. काल रॉकर काढून कॅम फिरवून पाहिला. दोन्ही टोकांना मोकळा होता, पण मधल्या जर्नलवर असा अडत होता की हाताला जोर लावावा लागला. थर्मोस्टॅट उकळत्या पाण्यात टाकला, तर तो जेमतेम अर्धाच उघडला. म्हणजे खंबाटकीचा गुन्हेगारही सापडला.

म्हणून बदली घेण्याचे नक्की केले, पण लेथवाल्यांचा संशय सोबत घेऊनच दुकानात गेलो. व्हर्नियरने जाडी मोजली, तेव्हा दाखवलेले हेड माझ्या हेडपेक्षा जवळपास अर्धा मिलिमीटर बारीक निघाले. मी ते परत केले. दुकानदार नाराज झाला, तरी त्याने शनिवारी दुसरा नग दाखवण्याचे आणि प्रेशर टेस्ट माझ्यासमोर करण्याचे कबूल केले आहे. तोपर्यंत माझे हेड मी त्याच्या ताब्यात दिलेले नाही. गोणपाटात गुंडाळून घरीच बाल्कनीत ठेवले आहे.