हॅमस्टर शिडीवरून घसरायलाय, उतार कसा करायचा?

शहापूर_बेळगाव
सीरियन हॅमस्टर, वय दीड वर्ष. तारेचा पिंजरा 80 बाय 50 सेंमी, वरचा मजला 25 सेंमीवर. सोबत आलेली प्लास्टिकची शिडी जवळजवळ उभीच आहे. चढताना मागचे पाय पायऱ्यांच्या फटीत जातात, उतरताना तर तो शिडी सोडून सरळ खाली पडतो. पावसाच्या दमटपणात प्लास्टिक आणखी निसरडं झालंय. घरच्या घरी काय करता येईल?

खानापूरकर
आधी मजला खाली घ्या, शिडीचं नंतर बघा. हॅमस्टरला लांबचं दिसत नाही, खोलीचा अंदाज येत नाही, म्हणून तो कडेवरून खुशाल पाय पुढे टाकतो. मजला 15 सेंमीवर आणा आणि खाली भुशाचा जाड थर ठेवा.

उताराची लांबी उंचीच्या दुप्पट धरली की बरोबर 30 अंश मिळतात, म्हणजे 15 ला 30 सेंमी. रुंदी 8 ते 10. बुरुडाकडचा बांबूचा तट्ट्या घ्या, घट्ट विणीचा, रंग-वार्निश नसलेला. विणीत नखं धरतात, पाय अडकत नाही. कडांची कुसळं पॉलिश पेपरनं नीट घासा. कुसळ गालाच्या पिशवीत टोचलं तर आत पू होतो. खालून दोन कांब्या लावून बारीक तारेनं आवळा, टोकं खाली वळवा. सुतळी अजिबात नको. कुरतडून सुटलेला धागा पायाला आवळतो आणि पाय सुजतो.

निपाणीची_ताई
दादांचं माप बरोबर आहे. फक्त खालचं टोक भुशावर टेकवू नका. हॅमस्टर तिथंच उकरतो आणि उतार कलंडतो. पिंजऱ्याच्या तळावर कौलाचा सपाट तुकडा ठेवून त्यावर टेकवा. दोन्ही बाजूंना 3 सेंमी उंच पट्टी हवी.

आणि नखं बघा. या वयात ती वाढून वळली असतील तर कुठल्याच उतारावर पकड बसणार नाही. मागचे पाय ओढत असेल किंवा चढणं एकाएकी थांबलं असेल तर आधी पशुवैद्यांना दाखवा.

शहापूर_बेळगाव
तट्ट्याऐवजी आइस्क्रीमच्या काड्या मैद्याच्या खळीनं फळीवर चिकटवल्या तर? आणि चढायला प्लास्टिकची नळी चालेल का?

खानापूरकर
काड्या चालतील, दीड-दोन सेंमी अंतरावर. पण जून ते सप्टेंबर खळीला बुरशी येते आणि काड्या सुटतात. पावसाळ्यापुरता तट्ट्याच बरा. ओला झाला की बदलायचा, म्हणून दोन करून ठेवा.

नळी उभी लावू नका. आडवी असेल तर आतून किमान 7 सेंमी हवी, कारण गाल दाण्यांनी भरले की तो फुगतो आणि अरुंद नळीत अडकतो. लांबी 25-30 सेंमीच्या आत ठेवा. लांब नळीत हवा खेळत नाही, आत पाणी सुटतं, मुताचा वास कोंडतो.

चिकोडी_गिनिपिग
कुणी हेच माप गिनिपिगला लावू नका. ते अंगानं जड, त्यांना चढता येत नाही. उतार 20 अंशांचा, म्हणजे 20 सेंमी उंचीला जवळपास 60 सेंमी लांबी. रुंदी 25, बाजूच्या भिंती 10 सेंमी, वर फ्लीसचं कापड ताणून बसवलेलं. कापड सैल राहिलं तर नख अडकून उपटतं.