रब्बी ज्वारी मोडून हरभरा: सोलापूर पट्ट्यात हे बरोबर चाललंय का?

काळंरान (धागाकर्ता)
मंगळवेढा, मोहोळ, बार्शी, कुठंही जा, पेरणीच्या तोंडावर एकच बोलणं: ज्वारी नको, हरभरा टाकू. मला हे पटत नाही. भारी काळ्या रानात, विहिरीला पाणी नसताना, मालदांडी ज्वारीसारखं हुकमी पीक दुसरं नाही. मोहोळच्या कृषी संशोधन केंद्रात निवडलेला मालदांडी ३५-१ हा वाण नव्वदेक वर्षं टिकून आहे, ते उगाच नाही. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पेरायचं आणि परतीच्या पावसाची जी ओल जमिनीत मुरली असेल तिच्यावर चार महिने काढायचे. दाणा घरात, कडबा (वाळली ताटं) दावणीला. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं, आणि ती पेरणारेच कमी होतायत.

पाच_एकर
दादा, तुमचं सगळं खरं, पण काढणीचं एक अक्षर नाही यात. मालदांडी कापत नाहीत, उपटतात. दव असतं तोवर पहाटे रानात जायचं, कारण ऊन चढलं की पानं वाळून झडतात आणि कडब्याची किंमत जाते. भेगाळलेल्या रानात एकेक ताट दोन्ही हातांनी ओढायचं, मुळाची माती झटकायची, आडवं टाकायचं. मग कणसं मोडा, पेंढ्या बांधा, गंजी रचा. तळहात सोलतात, पानांनी मनगटं चिरतात. मजूर उक्तं मागतात तो आकडा ऐकून माणूस गप्प बसतो. आणि घरची काढणी म्हणजे घरातल्या बायकांची काढणी, हे कुणी लिहीत नाही.
हरभऱ्याचा फुले विक्रम हा वाण उंच वाढतो, घाटे जमिनीपासून वर लागतात. हार्वेस्टर आला की दिवस मावळायच्या आत पोती भरतात.

बार्शीकर
ताईंशी सहमत. भावाचंही बघा. २०२४-२५ चा हमीभाव मालदांडीला क्विंटलला ३४२१ रुपये, हरभऱ्याला ५६५०. शिवाय हरभऱ्याच्या मुळावरच्या गाठी नत्र धरतात, पुढच्या पिकाला फायदा. पाखरं राखायला गोफण घेऊन उभं राहायला नको. ज्वारीवर लोकांनी प्रेम करावं, पण कर्ज प्रेमानं फिटत नाही.

काळंरान
बार्शीकर, हमीभाव फक्त दाण्याचा असतो. ज्वारीत अर्धं पीक कडबा आहे, तो या हिशेबात धरलाच नाही. टंचाईच्या साली दाण्यापेक्षा कडब्याला गिऱ्हाईक आधी येतं. हरभऱ्याच्या भुसकटावर दुभतं जनावर निभत नाही, आणि हार्वेस्टर लावला तर तेही रानातच उडून जातं. कडबा गेला की गोठा कमी होतो, गोठा गेला की शेणखत गेलं, आणि मग खताची पोती वाढतात.
नत्राचं मान्य, म्हणूनच पीक फेरपालट करा म्हणतो. सालोसाल त्याच तुकड्यात हरभरा टाकला की मर रोग ठरलेला. वीतभर झाड पिवळं पडून माना टाकायला लागलं की वरून काही फवारून उपयोग नसतो, बुरशी मातीत असते. वर घाटेअळी आहेच.

पाच_एकर
रोग ज्वारीलाही आहेत की. लवकर पेरली नाही तर खोडमाशी पोंगा, म्हणजे मधला कोवळा शेंडा, मारते. दाणा भरताना ओल संपली तर खडखड्या येतो, ताटं बुडातून मोडून आडवी होतात, आणि पडलेली ज्वारी काढणं म्हणजे दुप्पट हाल.

वाण_अभ्यासक
परभणीच्या कृषी विद्यापीठात शिकते, म्हणून थोडं लिहिते. खोडमाशीला थायामेथोक्झाम या कीटकनाशकाची बीजप्रक्रिया आणि वेळेवर पेरणी हा उपाय आहे. काणी, म्हणजे कणसात दाण्याऐवजी काळी भुकटी करणारा बुरशीचा रोग, त्याला बियाण्याला गंधक चोळा, खर्च किरकोळ. वाण जमिनीच्या खोलीप्रमाणे घ्या: भारीला फुले वसुधा, मध्यमला फुले सुचित्रा, हलक्याला फुले अनुराधा. हलक्या रानात मालदांडी धरून बसलं की उत्पादन घटतं आणि दोष ज्वारीला लागतो.
पण खरी अडचण ताईंनी सांगितली तीच आहे. हार्वेस्टरला बुटकी ज्वारी लागते, कडब्याला उंच. कापणी यंत्र आहे, पण ते बुडखा सोडतं आणि उंच ताट त्यात नीट धरलं जात नाही. मुळासकट उपटून ताट आडवं मांडणारं, एका बाईला चालवता येईल असं हलकं यंत्र हवं. कृषी विद्यापीठांनी नव्या वाणाइतकाच जोर त्यावर लावायला हवा.

बार्शीकर
ते यंत्र येईपर्यंत काय करायचं?

काळंरान
अर्धं अर्धं करा. ओल धरणाऱ्या खोल तुकड्यात ज्वारी, बाकी हरभरा, पुढच्या साली उलटं. जुने लोक बांधाकडेनं करडई पेरायचे, काट्यांमुळं जनावर आत शिरत नसे आणि घरचं तेलही व्हायचं. आणि काढणीला सावड करा, म्हणजे आज सगळे माझ्या रानात, उद्या तुमच्या; आमच्या वस्तीवर अजून चालते.

पाच_एकर
सावडीला माणसं लागतात, दादा. आमच्या गल्लीतली पोरं पुण्याला आहेत. मी यंदा दीड एकर ज्वारी ठेवलीय, म्हशींपुरती आणि भाकरीपुरती. बाकी हरभराच. ते यंत्र आलं तर तीन एकर करीन.