सामायिक स्टेट: सगळे एकाच स्टोअरमध्ये ठेवावे का?

कृष्णाकाठ (धागाकर्ते)

सांगलीच्या मार्केट यार्डातील एका हळदीच्या अडत दुकानाचे रिॲक्टमध्ये (ब्राउझरमधल्या स्क्रीन बांधण्याच्या जावास्क्रिप्ट लायब्ररीत) लिहिलेले सॉफ्टवेअर सध्या आमच्याकडे दुरुस्तीसाठी आले आहे. तक्रार अशी की, लिलावानंतर एका लॉटचा दर क्विंटलला १४,२०० रुपयांवरून १४,५०० रुपये असा दुरुस्त झाला, सौद्याच्या स्क्रीनवर तो लगेच दिसलाही. परंतु शेजारच्या संगणकावर दिवाणजींनी काढलेली शेतकऱ्याची पट्टी (विक्रीचा हिशेब) मात्र जुन्याच दराने छापली गेली. आत पाहिले तेव्हा तोच लॉट ॲपची माहिती सांभाळणाऱ्या रिडक्स लायब्ररीच्या एकाच स्टोअरमध्ये, म्हणजे मध्यवर्ती साठ्यात, आवक, सौदा आणि पट्टी अशा तीन ठिकाणी नकलून ठेवलेला आढळला, आणि पट्टीच्या स्क्रीनवरची नक्कल सकाळी एकदा सर्व्हरवरून आणल्यानंतर पुन्हा कधी ताजी केलीच जात नव्हती.

माझे स्पष्ट मत असे आहे की, आपण ज्याला सामायिक स्टेट (अनेक स्क्रीन मिळून वापरतात ती ॲपची चालू माहिती) म्हणतो त्यातला बहुतांश भाग आपल्या मालकीचा नसतोच. लॉट, दर, हमाली, तोलाई, शेतकऱ्याची उचल ही सर्व माहिती सर्व्हरची आहे आणि ब्राउझरमध्ये तिची केवळ प्रत असते. ती कधी आणली, शिळी केव्हा धरायची, दोन कंपोनंटांनी (स्क्रीनच्या घटकांनी) एकाच वेळी मागितली तर विनंती एकदाच कशी जाईल, हे प्रश्न नुसते रिडक्स सोडवत नाही. ते प्रत्येक प्रोजेक्टमध्ये हाताने सोडवावे लागतात आणि कुठेतरी राहून जातातच. टॅनस्टॅक क्वेरी ही लायब्ररी नेमके हेच काम करते. त्यात आणलेली माहिती आपण मुदत दिली नसेल तर तत्काळ शिळी धरली जाते आणि खिडकीवर परत येताच पुन्हा मागवली जाते.

हा भाग बाजूला काढल्यावर उरते ते थोडेच. तारीख आणि वाणाची गाळणी यूआरएलमध्ये असावी, म्हणजे दिवाणजींना तीच यादी दुवा पाठवून मालकांना दाखवता येते. अर्धवट भरलेला फॉर्म त्याच्या कंपोनंटमध्येच राहावा. लॉगिन केलेली व्यक्ती आणि निवडलेला प्रिंटर एवढ्यासाठी झुस्टँड या हलक्या लायब्ररीचे छोटे स्टोअर पुरते. तेव्हा सर्व काही एका मध्यवर्ती स्टोअरमध्ये ओतण्याची सवय आपण सोडावी, असे मी म्हणेन.

विश्रामबाग

आपण दोष दाखवला तो खरा, पण तो चुकीच्या ठिकाणी लावला आहे. एकच लॉट तीन ठिकाणी नकलणे हे रिडक्सच्या पहिल्या तत्त्वाच्याच विरुद्ध आहे. २०१४ मध्ये फेसबुकने फ्लक्स ही माहिती एकाच दिशेने वाहती ठेवणारी रचना मांडली, तेव्हा न वाचलेल्या संदेशांचा आकडा एके ठिकाणी एक आणि दुसरीकडे भलताच दिसण्याचा दोष त्यांना वारंवार छळत होता. डॅन अब्रामोव्ह आणि अँड्र्यू क्लार्क यांनी २०१५ मध्ये रिडक्स लिहिले, त्यात तोच विचार अधिक कडक केला: माहितीचे ठिकाण एक, आणि बदल केवळ ॲक्शनमधून, म्हणजे काय घडले ते सांगणाऱ्या नोंदीतून. लॉट त्यांच्या क्रमांकानुसार एकदाच साठवले असते आणि स्क्रीनना फक्त क्रमांक दिले असते, तर तीन नकला झाल्याच नसत्या.

दुसरे असे की, अडत दुकानातील रोजकीर्दीवरून (रोजच्या नोंदींच्या वहीवरून) खतावणी (खातेवार वही) केव्हाही तयार करता येते, पण नुसत्या खतावणीवरून रोजकीर्द काढता येत नाही. रिडक्समधील ॲक्शनांची यादी ही रोजकीर्द आहे. दर कोणत्या ॲक्शनने बदलला, त्याआधी स्टेट काय होती आणि नंतर काय झाली, हे डेव्हटूल्समध्ये (तपासणीच्या साधनात) ओळीने दिसते. पैशांच्या व्यवहारात ही सोय मला सोडवत नाही.

आणि आपल्या उपायाने ही पट्टी वाचली असती का? दिवाणजींची खिडकी आधीपासूनच समोर उघडी असेल, तर परत येण्याचा प्रसंगच येत नाही; मग टॅनस्टॅक क्वेरीलाही शेजारच्या संगणकावर दर बदलल्याचे कळणार नाही. सर्व्हरच्या माहितीची कॅश (तात्पुरती प्रत) हवीच असेल तर २०२१ पासून रिडक्सच्याच टूलकिटमध्ये त्यासाठी आरटीके क्वेरी आहे. त्यासाठी स्टोअर सोडून बाहेर जाण्याचे कारण नाही.

सातारारोड

मला दोन्ही बाजू जड वाटतात. रिॲक्ट १६.३ मध्ये, म्हणजे २०१८ साली, कॉन्टेक्स्टची (वरच्या कंपोनंटची माहिती खालच्यांना थेट देण्याची) आजची पद्धत आली आणि पुढच्या वर्षी हुक्स (कंपोनंटमध्ये स्टेट वापरू देणारी फंक्शने) आले. तीन स्क्रीनच्या दुकानाला यापलीकडे काय लागते? फेसबुकनेच २०२० मध्ये रिकॉइल ही स्टेटची लायब्ररी आणली, आणि जानेवारी २०२५ मध्ये तिची रिपॉझिटरी (कोडचे भांडार) केवळ वाचण्यापुरती उरली. साताऱ्यातील दोन-तीन जणांच्या टीमने अशा लायब्ररीवर उभारलेले काम पुढे कोणी सांभाळायचे, हा प्रश्न मला सर्वांत आधी पडतो.

विश्रामबाग

आपली काळजी रास्त आहे, परंतु कॉन्टेक्स्ट हे माहिती खालपर्यंत पोहोचवण्याचे साधन आहे. ती सांभाळण्याचे काम तरीही आपल्यालाच करावे लागते. त्यातील मूल्य बदलले की ते वाचणारा प्रत्येक कंपोनंट पुन्हा रेंडर होतो (नव्याने रेखाटला जातो), मग त्याला त्यातील एकच रकाना हवा असला तरीही. लिलाव चालू असताना दर सतत बदलत राहतात आणि यादी लांबलचक असते. तिथे हवा तेवढाच भाग निवडून घेणारा सिलेक्टर लागतो. लॉगिन आणि भाषेसाठी मात्र कॉन्टेक्स्ट उत्तम आहे.

कृष्णाकाठ

विश्रामबाग यांचा उघड्या खिडकीचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. त्यासाठी दर बदलताच सर्व्हरने वेबसॉकेटवरून (ब्राउझरशी सतत उघड्या जोडणीवरून) कळवले पाहिजे, आणि तो निरोप येताच त्या लॉटची प्रत शिळी ठरवून पुन्हा मागवली पाहिजे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, छापण्याचे बटण दाबल्यावर पट्टीची बेरीज सर्व्हरनेच करावी. ब्राउझरमधल्या दराने शेतकऱ्याचे पैसे ठरता कामा नयेत, मग ती प्रत कोणत्याही लायब्ररीने सांभाळलेली असो.

रोजकीर्दीबद्दल मात्र माझा ठाम विरोध आहे. ब्राउझरमधील ॲक्शनांची यादी टॅब बंद होताच जाते आणि ती एकाच संगणकापुरती असते. दर कोणी, केव्हा आणि का बदलला, याची नोंद डेटाबेसमध्येच असली पाहिजे. डेव्हटूल्स हे आपल्या, म्हणजे प्रोग्रामरच्या, सोयीचे साधन आहे; दुकानाच्या मालकाला त्यावर विसंबून शेतकऱ्यापुढे हिशेब मांडता येणार नाही. स्वतः अब्रामोव्ह यांनी २०१६ मध्येच लिहून ठेवले आहे की, रिडक्समुळे लिहावे लागणारे जास्तीचे कोड परवडण्यासारखी गरज प्रत्येक ॲपला असतेच असे नाही.

विश्रामबाग

पट्टीची बेरीज सर्व्हरने करावी, यावर वाद नाही. पण यार्डात नेट गेले आणि तोलाई चालूच राहिली, तर काय करायचे ते सांगा. काट्यावर नोंदवलेली वजने तेव्हा ब्राउझरमध्येच साठतात. ती सर्व्हरची प्रत नसून सर्व्हरला अजून ठाऊकच नसलेली माहिती असते. ती आवकेच्या यादीत दिसली पाहिजे, लॉटच्या एकूण वजनात धरली गेली पाहिजे, आणि नेट आल्यावर ज्या क्रमाने नोंदवली त्याच क्रमाने वर गेली पाहिजे. टॅनस्टॅक क्वेरी थांबलेल्या विनंत्या धरून ठेवते, हे मला माहीत आहे. परंतु मधल्या वेळात हमालाने एक वजन रद्द करायला सांगितले, तर रांगेतील नोंद शोधून बदलण्याचे काम मी रिड्यूसरवरच (ॲक्शननुसार स्टेट बदलणाऱ्या रिडक्सच्या फंक्शनवर) सोपवीन आणि ती रांग इंडेक्स्डडीबीत (ब्राउझरमधल्या डेटाबेसमध्ये) उतरवीन.

कृष्णाकाठ

ही रांग आपल्या मालकीची स्टेट आहे आणि तिला स्टोअर हवे, हे मी मान्य करतो. ते स्टोअर तेवढ्याच रांगेचे असावे आणि लॉटची यादी त्यात येऊ नये, एवढा माझा आग्रह कायम आहे. यादी दाखवताना सर्व्हरची प्रत आणि रांगेतील वजने एकत्र करून मोजावीत, आणि अजून वर न गेलेल्या वजनांपुढे तशी खूण असावी, म्हणजे दिवाणजी त्या लॉटची पट्टी तोवर काढणार नाहीत.