प्रकल्पातली वाईट बातमी वेळेवर कळावी म्हणून काय करता? (अनुभव धागा)

प्रकल्प अडचणीत येतो तेव्हा त्याची कुणकुण कुणाला ना कुणाला आधीच लागलेली असते. ती वरपर्यंत पोचत नाही, किंवा पोचली तरी कुणी मनावर घेत नाही. १९८६ साली 'चॅलेंजर' यानाच्या उड्डाणाच्या आदल्या रात्री अभियंत्यांनी थंडीत रबरी ओ-रिंग (रॉकेटचे सांधे बंद ठेवणाऱ्या कड्या) कडक पडतील असं सांगून विरोध केला होता. तरीही उड्डाण झालं, आणि यान हवेतच नष्ट झालं.

भावनिक बुद्धिमत्तेवर बोलताना आपण स्वभाव, समजूतदारपणा अशा गोष्टींत अडकतो. माझ्या मते प्रकल्पात तिची खरी कसोटी एकच : लोक तुम्हाला वाईट बातमी किती लवकर सांगतात? आपापल्या कहाण्या बाजूला ठेवून फक्त पद्धत लिहा. पायऱ्या, वेळ, कुठे फसतं आणि का.

रेघोटी

सगळा खेळ पहिल्या मिनिटाचा आहे. समोरचा म्हणतो, "आपण तीन आठवडे मागे आहोत." त्यावर तुमचं पहिलं वाक्य काय, यावर पुढची बातमी कधी कळणार ते ठरतं.

"आत्ता सांगितलंस ते बरं झालं" एवढं म्हणा आणि तीनच प्रश्न विचारा : नेमकं काय झालंय, कधी लक्षात आलं, माझ्याकडून आज काय हवंय. "असं का केलंस?" हा प्रश्न त्या दिवशी नकोच. 'का' ऐकलं की माणूस बचावाला उभा राहतो, आणि तुम्हाला माहितीऐवजी सबबी मिळतात. कारणांचा शोध एक-दोन दिवसांनी, डोकी शांत झाल्यावर घ्या.

राग आलाच तर तो लपवू नका, कारण चेहरा बोलतोच. "मी वैतागलोय, पण तुझ्यावर नाही. दहा मिनिटांनी बोलू" हे चालतं. रागात लिहिलेली मेल मात्र ड्राफ्टमध्येच राहू द्या.

आणि त्याच दिवशी त्याच्या वाटेतली एक तरी अडचण दूर करा : एखादी परवानगी, एखादी रद्द केलेली मीटिंग, काहीही. गोड बोलून ऐकून घेतलं आणि पुढे काहीच हललं नाही, तर पुढच्या वेळी तो मूग गिळून गप्प बसतो.

पत्तेवाला

अंदाज घेतानाच अर्धं सत्य गडप होतं. वरिष्ठ म्हणाला "पाच दिवस", की सगळ्यांचे आकडे पाचाच्या आसपास येतात. म्हणून प्लॅनिंग पोकर. जेम्स ग्रेनिंग यांनी २००२ मध्ये मांडलेली पद्धत : प्रत्येकाने आकडा मनाशी ठरवायचा आणि त्या आकड्याचे पत्ते सगळ्यांनी एकदम उलटायचे.

एकाचा ३ आणि एकाचा १३ आला की सरासरी काढून मोकळे होऊ नका. इथेच थांबायचं असतं. आधी १३ वाल्याला विचारा, "तुला असं काय दिसतंय जे आम्हाला दिसत नाही?" त्यात कुतूहल ऐकू आलं पाहिजे. उलटतपासणीचा सूर लागला तर पुढच्या फेरीत तोही ५ दाखवेल.

साइटवरचा

बांधकामात दडवलेल्या बातमीची किंमत काँक्रीटच्या क्यूबमध्ये (ताकद तपासायला ओतलेल्या ठोकळ्यांमध्ये) दिसते. ७ दिवसांच्या चाचणीत साध्या सिमेंटच्या काँक्रीटला २८ दिवसांच्या ताकदीच्या साधारण दोन तृतीयांश ताकद यायला हवी. ती कमी आली आणि सुपरवायझर त्याच दिवशी बोलला, तर वरचं काम थांबवून तपासणी करता येते. "बघू, २८ दिवसांचा रिझल्ट येऊ दे" म्हणून तो गप्प बसला, तर तोवर वरचं बरंच काम चढलेलं असतं आणि तोडफोडीशिवाय मार्ग उरत नाही.

तो गप्प का बसतो? बहुतेक वेळा मागच्या मीटिंगमध्ये कुणालातरी सगळ्यांदेखत झापलेलं त्याने पाहिलेलं असतं. म्हणून खराब रिझल्टची चर्चा दहा जणांत करू नका. साइटवर चालता चालता विचारा, आणि "सगळं ठीक?" असं तर विचारूच नका, त्याचं उत्तर "हो"च येतं. "या आठवड्यात काय अडलं तर स्लॅब चुकेल?" असं विचारा. उत्तर 'नरो वा कुंजरो वा' थाटाचं आलं तर स्वतः जाऊन बघा.

शंकासुर

प्रीमॉर्टेम करा. गॅरी क्लाइन यांनी २००७ च्या लेखात मांडलेली ही पद्धत तासाभरात होते. आराखडा तयार आहे पण अजून बदलता येतो, अशा वेळी टीमला सांगायचं : प्रकल्प सपशेल फसला असं समजा. आता प्रत्येकाने काही मिनिटं न बोलता कारणं लिहायची. मग क्रमाने एकेकाने एकेक कारण वाचायचं, साहेबांनी शेवटी. वरच्या चार-पाच कारणांना उपाय आणि नावानिशी जबाबदार माणूस.

एरवी शंका काढणारा 'नकारात्मक' ठरतो. इथे शंका काढणं हेच काम असतं, म्हणून अबोल माणसंही बोलतात. साहेबांनी मध्येच "छे, ते नाही व्हायचं" म्हटलं की बैठक संपली म्हणून समजा.

टेस्टर

थोडक्यात : "८० टक्के झालंय" हे उत्तर बंद करा. काम एकतर झालंय किंवा नाही, आणि नसेल तर किती दिवस उरलेत. शिवाय दर आठवड्याला तारखेवरचा भरवसा बोटांनी, १ ते ५, सगळ्यांनी एकदम दाखवायचा. रिपोर्ट हिरवा (म्हणजे 'सगळं ठीक') आणि बोटं दोन, तर बोटांवर विश्वास ठेवा.

क्लायंटकडची बाजू

बातमी बाहेर सांगताना आधी फोन, मग मेल. फोनवर पहिल्यांदा त्यांचं नुकसान आपल्या तोंडाने सांगा : "तुमची जाहीर केलेली तारीख यामुळे अडचणीत येतेय." मग दोन पर्याय द्या : काम कमी करून तीच तारीख, किंवा पूर्ण काम आणि नवी तारीख. घाबरून "आणखी माणसं लावतो" म्हणू नका. फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्येच लिहून ठेवलंय की उशीर झालेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पात माणसं वाढवली की उशीर आणखी वाढतो, कारण नव्यांना शिकवायला जुनेच लागतात.

उंबरठा

सगळं पटलं, पण इतकं सांभाळून घेतलं तर कामचुकारांचं फावत नाही का?

रेघोटी

@उंबरठा, दोन तारखा नोंदवा : अडचण कधी लक्षात आली आणि कधी सांगितली. अडचण आली यासाठी कुणाला धारेवर धरायचं नाही. पण या दोन तारखांमधलं अंतर त्याच माणसाच्या बाबतीत वारंवार वाढत असेल, तर एकट्याला बोलावून स्पष्ट बोला, दोन्ही तारखा समोर ठेवून. आणि अंतर सगळ्याच टीमचं वाढत असेल, तर आधी तुमच्या त्या पहिल्या मिनिटाकडे बघा.