पट, पगार आणि ऊसतोडीचे सहा महिने

सोलापूर जिल्ह्यातल्या शिक्षकांनो, आपल्या वर्गात कोणाची मुलं बसतात आणि महिन्याला आपल्या हातात काय पडतं, हे मोकळेपणानं लिहा. मी या दोन गोष्टी वेगळ्या मानत नाही. सुरुवात मीच करतो. 2006 ला करमाळा तालुक्यात शिक्षणसेवक म्हणून लागलो. मानधन 3000 रुपये, तीन वर्षं. खोलीभाडं आणि डबा भागवला की घरी पाठवायला काही उरायचं नाही. मला नोकरी असूनही पेरणीसाठी वडिलांनी उसनवारी केली, ते अजून मनातून जात नाही. नेमणूक नोव्हेंबर 2005 नंतरची, त्यामुळं जुनी पेन्शनही नाही.

मंगळवेढा, जिल्हा परिषद शाळा
आमची चौथीपर्यंतची शाळा, शिक्षक दोन. शिक्षकांची पदं ठरतात 30 सप्टेंबरच्या पटावर. त्या दिवशी वर्ग भरलेला असतो. दसरा झाला की ऊसतोडीला मजूर नेणाऱ्या मुकादमाचा ट्रॅक्टर येतो आणि उचल, म्हणजे आगाऊ पैसे घेतलेली घरं कुलूप लावून निघतात. गेल्या हंगामात चौथीतली अकरापैकी पाच मुलं गेली. उरली ती आजीजवळ. एप्रिलात परत आली तेव्हा एकजण भागाकार पार विसरला होता, आणि वजनकाट्यावरचे टनाचे आकडे मात्र धडाधड वाचत होता. त्याला नापास कसं म्हणू?

माळशिरस
आमच्याकडं उलट. गाळप सुरू झालं की कारखान्याजवळ कोप्या, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या झोपड्या पडतात आणि बीडकडची मुलं येतात. दहा वर्षांची एक पोर धाकट्या भावाला कडेवर घेऊन दारात उभी राहिली. "बाई, ह्याला मांडीवर घेऊन बसू का?" बस म्हणाले. तिचं नाव आमच्या पटावर नव्हतं.

अक्कलकोट
मी विदर्भातली, शिक्षणसेवक. आता मानधन 16000 आहे. 2023 पर्यंत 6000 च होतं, म्हणून जुने गुरुजी मला नशीबवान म्हणतात. पहिलीच्या बऱ्याच मुलांच्या घरात कन्नड. एक मुलगा सारखा "नीरु, नीरु" म्हणत रडत होता. तो पाणी मागतोय हे मला तिसरीतल्या मुलीनं सांगितलं. आता मी तिच्याकडून रोज दोन शब्द शिकते.

सांगोला, माध्यमिक
विनाअनुदानित तुकडीवर नऊ वर्षं बिनपगारी शिकवलं. सुट्टीत डाळिंबाच्या छाटणीला जायचो. एकदा त्याच बागेत माझा नववीतला विद्यार्थी मजुरीला आला. दोघांची हजेरी, म्हणजे दिवसाची मजुरी, सारखीच होती. आता 20 टक्के अनुदान लागू झालंय.

एक पालक, मंगळवेढा
मी शिक्षक नाही, आमचा कोयता आहे, म्हणजे आम्ही नवरा-बायको जोडीनं ऊस तोडतो. वर मंगळवेढ्याचं लिहिलंय त्या बाईंनी पोरीला आजीपाशी ठेवायला लावलं. रोज संध्याकाळी त्या फोन लावून देत्यात, पोरगी मला धडा वाचून दाखवती.