लिहितो, ते कुणासाठी?

गेल्या आठवड्यात कपाट आवरताना बाबांच्या आजारपणातली माझी वही सापडली, म्हणून हा विषय काढते आहे. आपण लिहितो आणि चारचौघांपुढे ठेवतो, ते का? आपापला अनुभव सांगा. "मन मोकळं करायला" एवढ्यावर थांबू नका, त्याच्या पुढचंही सांगा.

माझ्यापासून सुरुवात करते. २००८ साली बाबांना पक्षाघात झाला आणि वाचेवर परिणाम झाला. आयुष्यभर वर्गात शिकवलेला माणूस पाणी मागताना भलताच शब्द उच्चारायचा, आणि आपण चुकलो हे त्याला कळायचं. रात्री ते झोपले की मी लिहायला बसायचे. आधी वहीत, मग ब्लॉगवर. युनिकोडमुळे देवनागरीत टंकणं तेव्हा सोपं झालं होतं. पहिले काही महिने तिकडे कुणी फिरकलं नाही आणि त्याचं मला काही वाटलंही नाही. मग बाबा न्हाणीघरात पडले, त्या दिवसाबद्दल लिहिलं. एका रात्रीत साठ-सत्तर जणांनी लिहून कळवलं. सगळं मायेनं लिहिलेलं होतं. पण पुढे एकदा बाबांना जोराचा ठसका लागला, तेव्हा त्यांची पाठ चोळता चोळता माझ्या डोक्यात लेखाचं पहिलं वाक्य जुळत होतं. ते मला आजही सलतं. मोकळं होणं कुठे संपलं आणि दाद हवीशी वाटणं कुठे सुरू झालं, ती जागा मला वहीतही सापडली नाही.

*

पुण्याच्या नारायण पेठेतून लिहितो आहे. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं तेव्हा मी ९ वर्षांचा होतो. पाठोपाठ खडकवासल्याचा बांधही गेला आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं. आईनं देव आणि तांदळाचा डबा उचलला, आम्ही सदाशिव पेठेत मामाकडे धावलो. परत आलो तेव्हा भिंतीवरची पाण्याची रेघ माझ्या डोक्याच्या वर होती, आणि चिखलात एक लाकडी पाळणा अडकलेला होता, पितळी कड्यांचा. कुणाचा ते कधीच कळलं नाही. आईनं तो वापरला नाही आणि विकलाही नाही.

हे सगळं मी नातवंडांसाठी दोनशे पानी वहीत लिहिलं. नाव व्हावं ही इच्छा खरोखर नव्हती. भाचीनं ते टंकून लोकांसमोर ठेवलं. आठवड्याभरात नाशिकहून एका बाईंचं उत्तर आलं, "तो पाळणा आमचा. माझी दोन्ही भावंडं त्यात वाढली." ते वाचून मी बराच वेळ उठलो नाही. तेव्हापासून पहाटे जाग आली की आधी कुणी काही लिहिलंय का ते बघतो. ही सवय चांगली नाही हे मला कळतं. नातवंडांनी अजून वाचलेलं नाही.

*

सिंहगड रोड. मला पैसे हवे होते. नवऱ्याची नोकरी गेली, मी डबे सुरू केले, गिऱ्हाईक यावं म्हणून पदार्थांवर लिहायला लागले. एकजणी म्हणाल्या, हे लेखन नव्हे, जाहिरात आहे. असेलही. पण सासूबाई गेल्यावर त्यांच्या खलबत्त्यावर आणि गोड्या मसाल्यावर एक पान लिहिलं. त्यानं एकही डबा वाढला नाही. माझं लिहिलेलं मी पुन्हा वाचते ते तेवढंच.

*

चाळीस वर्षं वर्तमानपत्रांना पत्रं लिहितो आहे. सुरुवात पोस्टकार्डावर केली. बसथांबे, खड्डे, बंद पडलेले रस्त्यावरचे दिवे. लोकांची कामं व्हावीत म्हणून लिहितो, असंच आजवर सांगत आलो. तीन वेळा खरंच दिवे लागलेही. कात्रणांची फाइल आज उघडून पाहिली. प्रत्येक पत्र छापून आल्याची तारीख मी लिहून ठेवली आहे, दिवे लागल्याची एकही नाही. खडकी.

*

मी हिंजवडीत नोकरी करतो. एका रविवारी आमचं घरातलं भांडण लिहून काढलं. नावं नव्हती. "किती समजूतदार नवरा" असं माझं कौतुक झालं. ते वाचून बायकोच्या मैत्रिणीनं तिलाच पाठवलं. ती ओरडली नाही. म्हणाली, "माझी बाजू कुणी विचारली?" मला उत्तर देता आलं नाही. दोघांमधल्या भांडणात मी तिच्या पाठीमागे साक्षीदार गोळा केले होते. लेख त्याच रात्री काढला, पुढे दीड वर्ष काही लिहिलं नाही. आता अप्पा बळवंत चौकातून वही आणली आहे. तिच्याबद्दल लिहिलं की वही जेवणाच्या टेबलावर उघडी ठेवतो. कधी ती वाचते, कधी नाही.

*

वरचं सगळं वाचलं. मी परभणी जिल्ह्यातला, सहा वर्षं पुण्यात आहे. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीत एक खाट भाड्यानं घेऊन राहतो, मेसला जेवतो, अभ्यासिकेत खुर्ची नंबर ४१. राज्यसेवेची पूर्व परीक्षा दोनदा निघाली, मुख्यच्या पुढं गेलो नाही. यादी लागली की वरून खाली बघायची, मग खालून वर. घरी फोन लावला की वडील दुसरं काही विचारत नाहीत, आणि मला दुसरं काही सांगता येत नाही.

मी लोकांचं लक्ष जावं म्हणून लिहितो. त्यात मला कमीपणा वाटत नाही. लेखाखाली नाव येतं, आणि ते माझं असतं. ज्यांचं नाव आधीच कुठल्यातरी यादीत लागलेलं आहे, त्यांना ही भूक कळायला वेळ लागेल. रागानं म्हणत नाही. मागं गावाकडच्या एका पोरानं विचारलं, "दादा, पुण्याला यायला महिन्याला किती लागतात? घरी खरा आकडा सांगू का?" त्याला मी चार पानं लिहून पाठवली. ती कुठंच टाकली नाहीत.

*

खुर्ची नंबर ४१, तुमचं म्हणणं मला लागलं आणि पटलंही. त्या मुलाची हरकत नसेल तर ती चार पानं इथे द्या, मला वाचायची आहेत. आणि नारायण पेठेतले काका, तो पाळणा आता कुठे आहे?

*

माझ्याकडेच. वाडा पाडला तेव्हा फ्लॅटमध्ये आणला. त्या बाई दिवाळीनंतर न्यायला येणार आहेत. कड्या चिंचेनं घासून ठेवल्या आहेत.